सोबतीची पायली

सोमवारी सकाळी नऊ ते साडेनऊ कोथळगीत कुणी कुणाच्या हाकेला ओ देत नसे. ती वेळ धान्यबाजाराच्या अंदाजाची. शेतकरी कंपनीच्या गोदामापुढच्या शेडात छत्तीस घरांतली माणसं चहाचे कप घेऊन बसत आणि भिंतीवरच्या पडद्याकडे डोळे लावत. त्या अर्ध्या तासात म्हैस व्यायला आली तर तिनं आपलं आपण बघावं, असं गावात गमतीनं म्हणत.

सन २०४३च्या फाल्गुनातल्या त्या सोमवारी मात्र चहा कपातच निवला. ऑस्ट्रेलियात ऐन कापणीत पाऊस लागून सातूला शेतातच कोंब फुटले होते. कॅनडाची कोठारं आदल्या वर्षीच्या दुष्काळानं तळाला गेली होती. काळ्या समुद्राकडचा माल जनावरांच्या खाद्याच्या लायकीचा, आणि युरोपची नवी कापणी आषाढाशिवाय येत नव्हती. खपली गव्हाला यंदा फारसा उठाव नव्हता, कारण इटलीत जुनाच साठा पडून होता. पण सातूचा आलेख पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

कंपनीचे अध्यक्ष सुरगोंडा मगदूम उठून उभे राहिले. सारं गाव त्यांना अण्णा म्हणे. एकसष्टीचा काटक माणूस, बोलणं मोजकं, आणि कागदावर सही करण्याआधी कागद दोनदा वाचणारा. त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. जपानी माणसं उन्हाळ्यात भाजलेल्या सातूचं गार पाणी पितात, घरोघरी, पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. चैत्र ते ज्येष्ठ एवढे तीन महिने त्यांना द्यायला जगात चांगला सातू जवळजवळ नाही. आपल्याकडे आहे. आपला माल पंधरा दिवसांत बंदरावर पोचला तर दर नेहमीच्या तिप्पट. आषाढ लागला की खेळ संपला.

"भूपाल पायजे हुता आज," मागून कुणीतरी म्हणालं. अण्णांनी पुढं बोलायचं होतं ते राहू दिलं आणि ते खाली बसले.

भूपाल म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. कोथळगीत सातू आणला तो त्यानंच. कृष्णाकाठच्या या गावानं पन्नास वर्षं उसाला पाणी पाजून पाजून जमीन खारवून टाकली होती. रानं पांढरी पडली होती, मीठ शिंपडल्यासारखी. शेवटी तिथं गवतही येईना तेव्हा लोक नशिबाला बोल लावत घरी बसले. भूपाल बसला नाही. कुठूनतरी त्याच्या वाचनात आलं की धान्यांमध्ये खारवट जमीन सोसावी ती सातूनं. त्यानं जमिनीखाली छिद्रांचे पाइप पुरले, खारं पाणी ओढ्याला काढून दिलं आणि पहिल्या वर्षी अर्धा एकर सातू पेरला. लोक हसले. "सातू काय, पूजेला लागतोय मूठभर," असं म्हणून गेले. भूपाल म्हणायचा, "आपल्या ह्या मिठाच्या रानातला दाणा समुद्रापलीकडं गेला पायजे. मग हसा." आता अख्ख्या गावात सातू आणि खपली होती, आणि भूपाल नव्हता. मार्गशीर्षात, पीक घोट्याएवढं असताना, बांधावर उभा असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवर सगळं आटोपलं.

त्यानं पेरलेलं ते शेवटचं पीक आता कापणीला आलं होतं. ते जहाजावर चढवायचं, एवढी एकच गोष्ट अण्णांनी त्या वर्षी मनाशी धरली होती. चितेजवळ उभं राहून त्यांनी भावाला तसा शब्द दिला होता, मनातल्या मनात.

अडचण एकच होती, आणि ती गोदामाच्या आतल्या खोलीत टेबलावर बसलेली होती.

त्या यंत्राचं छापील नाव लांबलचक होतं. गावानं त्याला चित्रगुप्त म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. कपाटाएवढी पांढरी पेटी. वरच्या खाचेत धान्य टाकायचं, की ती एकेक दाणा चिमटीत धरून, केसाहून बारीक प्रकाशकिरणानं त्याचे पापुद्रे उडवत जाई. यंत्र चालवणारी जयमाला कांबळे ही गावची सून, रसायनशास्त्र शिकलेली. पहिल्या वर्षी तिनं साऱ्या गावाला ते समजावून सांगितलं होतं. सगळं पाणी सारखं नसतं, ती म्हणाली. पाण्यातल्या ऑक्सिजनचे बहुतेक अणू हलके असतात, थोडेसे जड. ऊन तापलं की हलकं पाणी आधी उडून जातं आणि पानात जड पाण्याचा वाटा वाढतो. दाणा भरायला महिना-सव्वा महिना लागतो, आणि रोज त्याच्यात पिठाचा एक पातळ थर चढतो. त्या त्या दिवशी पानात जसं पाणी असेल त्याची खूण त्या थरात कायमची बसते. कुणी कालव्याचं पाणी दिलं, कुणी विहिरीचं, कुणाची पाळी दोन दिवस चुकली, कुणाच्या रानात मीठ जास्त म्हणून मूळ तहानलेलं राहिलं, हे सगळं दाण्याला लागतं. म्हणून एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या दाण्यांचीही रोजनिशी वेगळी.

दाणे भरत असतानाच प्रत्येक रानातल्या चार लोंब्या नेऊन त्यांची खूण नोंदवलेली असे. पुढं जगातल्या कुठल्याही बंदरात तो दाणा सापडला, तर तो कोथळगीतल्या कुठल्या गट नंबरच्या रानातला आहे हे चित्रगुप्ताचा तिकडचा भाऊबंद सांगू शके. सोमवारचा अंदाज इतका बिनचूक येई तोही याचमुळं. जगातली सगळी बंदरं दाणे वाचत होती, आणि कुणाकडं किती चोख माल आहे हे आता झाकून राहत नव्हतं.

खरेदीदारांचा नियम त्यातूनच आला होता. एका ढिगात एकाच रानाचा दाणा. हजारात पाच दाणे परके चालतील, कारण वारा आहे, पाखरं आहेत, ट्रॉलीची फट आहे. त्याच्या वर गेले की तो ढीग बाद. आणि ज्या रानांचे दाणे त्यात सापडले तीही दोन वर्षं बाद. आजवर लोकांनी चांगल्या नावाखाली हलका माल खपवून खरेदीदारांना इतकं फसवलं होतं, की नियम कडक झाला यात नवल नव्हतं.

आणि कोथळगीत सोबतीची पायली होती.

ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं असेल, त्या घरची रास पहिल्या संध्याकाळी एकटी ठेवायची नाही, अशी तिथली जुनी रीत. रास खळ्यावर पडली की दिवेलागणीला घरधनी किंवा घरधनीण राशीकडे पाठ करून बसे. मग गावातलं एकेक माणूस येई, आपल्या राशीतलं पायलीभर धान्य त्या राशीत ओती आणि न बोलता निघून जाई. दिवा लावायचा नाही, मागं वळून बघायचं नाही, आणि नंतर त्याबद्दल कधी बोलायचं नाही. कुणी काठोकाठ भरून आणली, कुणी अर्धीच आणली, कुणी आलंच नाही, हे कुणालाच कळत नसे. भांडणं असलेली घरंही त्या संध्याकाळी येऊन जात असावीत, असं म्हणत. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं.

यंत्र आल्यापासून दोन वर्षांत कंपनीतल्या कुठल्या घरात मरण झालं नव्हतं, त्यामुळं प्रश्न आला नव्हता. यंदा आला, आणि तो अण्णांच्याच सख्ख्या भावाच्या घरचा.

अण्णांनी भूपालच्या रानाच्या कापणीआधी आठवडाभर बैठक घेतली. भूपालची बायको कलावती बैठकीला नव्हती, ते बरंच झालं. अण्णांनी नियम वाचून दाखवला, दुसऱ्यांदा वाचून दाखवला. मग म्हणाले की यंदा कुणी पायली ओतायची नाही. ज्याला द्यायचंच आहे त्यानं नंतर पोत्यात भरून घरी नेऊन द्यावं. भूपालचा माल गेला पाहिजे, हीच त्याला सोबत. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या एकजुटीनं माना डोलल्या तेव्हाच शहाण्या माणसानं सावध व्हायला हवं होतं. पण अण्णा स्वतः शब्दाचे पक्के, आणि असा माणूस दुसऱ्याच्या मानेवरही विश्वास ठेवतो.

भूपालच्या रानाची कापणी अण्णांनी जातीनं उभं राहून केली. कापणीच्या यंत्रात आदल्या रानाचा एक दाणा राहू नये म्हणून हवेचा झोत मारला, ब्रशनं फटी झाडल्या, आणि ड्रायव्हर वैतागल्यावर पुन्हा एकदा झाडल्या. अठ्ठावीस क्विंटल सातू भूपालच्या खळ्यावर पडला, फिकट सोनेरी, खळ्याच्या एका अंगाला लहानशी टेकडी झाली. कलावती राशीजवळ आली. तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि तशीच बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी अण्णा घरी आले, हातपाय धुतले. मग कुणाला न सांगता कोठीत गेले आणि त्यांनी पायली भरली.

का भरली, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. हिशेब त्यांना तोंडपाठ होता. पायलीत चार किलो सातू मावतो. अठ्ठावीस क्विंटलात चार किलो म्हणजे हजारात दीड दाणा. पाचापर्यंत माफ आहे. एका पायलीनं काही बिघडत नव्हतं, आणि बाकी सगळ्यांनी तर शब्द दिला होता. पायली धोतराच्या सोग्याखाली धरून ते निघाले. दोन्ही भावांच्या रानांमधल्या बांधावर आले. पलीकडं, शंभरेक पावलांवर, कलावतीची पाठ अंधुक दिसत होती. ती रीतीप्रमाणं राशीकडं पाठ करून बसली होती. कुणी येणार नाही हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम त्यांचंच होतं, हे अण्णांच्या तेव्हा लक्षात आलं.

ते बांधावर उभे राहिले. आपणच नियम वाचून दाखवायचा आणि आपणच मोडायचा, हे त्यांच्या अंगात नव्हतं. चित्रगुप्तापुढं काही लपत नाही. उद्या यादीत एकच नंबर निघाला, तोही अध्यक्षांचा, तर तो माफीच्या आत असला तरी गाव काय म्हणेल? जहाज महत्त्वाचं, त्यांनी स्वतःला सांगितलं. भूपालला शब्द दिलाय. ते मागं फिरले, पायली कोठीत रिकामी केली आणि जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयमाला स्वतः घरी आली. ती एरवी फोन करी. "अण्णा, गोदामात चला," एवढंच म्हणाली.

चित्रगुप्तानं भूपालच्या राशीतले दहा हजार दाणे वाचले होते. हजारामागं सेहेचाळीस परके होते. पडद्यावर गटांच्या नंबरांची यादी होती, एकाखाली एक, कुठं दहा दाणे, कुठं तेरा, कुठं सतरा. अण्णांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. चौतीस नंबर. पंचविसावा नंबर जयमालाच्याच घरचा होता.

"मला वाटलं, माझ्या एकटीच्या पायलीनं काय हुतंय," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "मी तर हिशेब करून ओतली, अण्णा. हजारात दीड. चालतंय म्हणून."

चौतीस घरांनी तोच विचार केला होता. बैठकीत सगळ्यांनी खऱ्या मनानं मान डोलावली होती, आणि मग प्रत्येकानं घरी जाऊन ठरवलं होतं की बाकीचे तर ओतणार नाहीत, मग आपल्या एकट्याच्या पायलीनं काय होतंय. भूपालनं त्यांची रानं पांढऱ्याची हिरवी करून दिली होती. त्याची रास एकटी ठेवायला कुणाचं मन झालं नव्हतं.

कंपनीत घरं छत्तीस. एक कलावतीचं. चौतीस यादीत. अण्णांना छत्तिसावं घर शोधायची गरज नव्हती.

भावाचं पीक जहाजावर चढणार नव्हतं, हे दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख त्या न दिसणाऱ्या नंबराचं होतं. शेकडो वर्षं गावानं पाठ फिरवून जे झाकून ठेवलं होतं ते यंत्रानं चार तासांत उघडं केलं होतं, आणि त्यात एकच माणूस उघडा पडला होता. सख्खा भाऊ.

खरेदीदाराला आठ दिवसांत अहवाल द्यायचा होता. अर्जात एक चौकट होती, मिसळीचं कारण. त्यात निवडायला तीन पर्याय होते: फसवणूक, निष्काळजीपणा, यंत्रातील दोष. अण्णा त्या तिन्ही शब्दांकडं बघत बसले. ओसाकात बसून ज्यानं ती चौकट आखली त्याचा काही दोष नव्हता. माणसं प्रेमानंही धान्यात धान्य मिसळतात, हे त्याला कुणी सांगणार होतं? त्यांनी खरेदीदाराच्या प्रतिनिधीला फोन करून सगळी रीत सांगितली. ती बाई फार चांगली होती. तिनं शांतपणे ऐकलं, मधे तिचा आवाजही ओला झाला. मग म्हणाली की मला पटतंय, पण नियमात मन मोजायची सोय नाही. तुमचा एक ढीग चोख आहे. तो आला तर निदान गावाची नोंदणी टिकेल, आणि दोन वर्षांनी बाकीच्यांना परत येता येईल. तोही आला नाही तर कोथळगी यादीतून जाईल, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी परीक्षा.

अण्णांनी फोन ठेवला. मग जयमाला शेजारी असतानाच त्यांनी अहवालाची यादी उघडली आणि चौतीस नंबरांच्या खाली आपला गट लिहिला, एकशे बारा. यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं. पडद्यावर ओळ आली: गट ११२, नमुन्यात आढळ नाही, नोंद नाकारली.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तीच ओळ आली.

"ते मानत न्हाई, अण्णा," जयमाला हळूच म्हणाली.

"एक दाणा बी न्हाई? बांधाला बांध हाय आमचा."

"एक बी न्हाई."

कुठून असणार? कापणीच्या यंत्राच्या फटी त्यांनीच दोनदा झाडून घेतल्या होत्या. खोटं बोलून गावात सामील व्हायची वाटसुद्धा त्यांनी आपल्या हातानं बंद केली होती.

पुढं सगळं रीतसर झालं. बैठक झाली. माल पाठवू नये, मीही तुमच्यासारखा इथल्या बाजारात विकतो, असं अण्णा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. गावाची नोंदणी टिकली पाहिजे, तुमच्या एकट्याच्या हट्टापायी सगळ्यांची वाट लावू नका, असं जाणत्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. एकजणही तिरकं बोलला नाही. उलट ट्रक भरला त्या दिवशी गावानं त्यांना हार घातला. "अण्णांनी नियम पाळला म्हणून गावाचं नाव ऱ्हायलं," असं उपाध्ये मास्तर दोन शब्द बोलले. टाळ्या झाल्या. अण्णांनी मान खाली घालून हार गळ्यातून काढला आणि ट्रकच्या समोरच्या काचेला बांधला. आजवर त्यांनी कुणाच्या तोंडचे इतके कडू शब्द ऐकले नव्हते, आणि बोलणाऱ्याच्या मनात तर काही वाकडं नव्हतं.

ट्रक गेला. त्यात भूपालच्या रानाशेजारचा सातू होता, भूपालचा नव्हता.

या सगळ्या दिवसांत अण्णा कलावतीच्या घरी गेले नव्हते. भिंतीला भिंत लागून घर, रोजचं जाणं-येणं, आणि आता दारावरून जातानाही ते पावलं उचलून टाकत. तीही आली नव्हती. तिचा माल बाजारात विकायला काढू का, असं त्यांनी जयमालाकडून विचारलं होतं. नको, असा निरोप आला होता. ट्रक गेला त्याच दुपारी मात्र कलावतीनं पोरीला पाठवलं, की अण्णांना म्हणावं, सातूचं पीठ केलंय, खायला या. न जाण्याला काही कारण उरलं नव्हतं.

सोप्यात पाट मांडलेला होता. कलावतीनं भाजक्या सातूचं पीठ दूध-गुळात कालवून वाटीत वाढलं. आतल्या खोलीत रास पोत्यांत भरून ठेवलेली दिसत होती, छतापर्यंत.

"विकणार न्हाईस?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. बियाण्याला ठेवीन, खाईन, वाटीन. सगळ्या गावाचा दाणा हाय त्यात. तो कुठं विकू?" ती समोर जमिनीवर बसली. तिनं जयमालाकडून यादी मागून घेतली होती, हे तिनं आपणहून सांगितलं. दोष द्यायला नव्हे. कोण कोण आलं होतं ते एकदा बघावं, एवढंच वाटलं होतं. पाटलांचं घर तीन पिढ्या आपल्याशी बोलत नव्हतं, तेही येऊन गेलं, म्हणाली. चौतीसही नंबर तिला पाठ झाले होते.

अण्णांनी वाटीत बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"एक सांगू का, अण्णा?" ती म्हणाली. "त्या सांजंला मी पाठ करून बसले हुते. माणसं येत हुती, ओतून जात हुती. कुठलं पाऊल कुणाचं, काय कळत न्हाई. सगळ्यात शेवटी एक माणूस आलं. त्यानं लई सावकाश ओतली. दाणा दाणा पडल्यासारखा आवाज ईत हुता. मला वाटलं, हे तुमीच. मी तवा पयल्यांदा रडले. हे गेल्यापासनं मला रडूच आलं नव्हतं."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली.

"यादी बघितली, आणि ते बी गेलं," ती म्हणाली.

आता बोलावं की बोलू नये, हे अण्णांना कळेना. बांधापर्यंत आलेल्या माणसाची खूण कुठल्या दाण्यात उतरत नाही. ओतलेल्या पायलीला यंत्र साक्ष होतं, न ओतलेल्या पायलीला कोण साक्ष देणार? आज सांगितलं तर ती सबब वाटेल, आणि सबब नसली तरी कलावतीनं त्या सांगण्याचं काय करायचं? तरी ते बोलले, कारण गप्प बसणं आता त्यांना झेपणारं नव्हतं.

"मी आलो हुतो, कला. पायली भरून आलो हुतो. बांधावरनं तुझी पाठ दिसली. तितनंच माघारी फिरलो. माल जावा म्हणून. भूपालचा माल जहाजावर चढावा म्हणून."

तिचा विश्वास बसला. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि अण्णांना आधी त्याचंच बरं वाटलं. भूपालच्या बायकोनं त्यांच्या शब्दावर कधी संशय घेतला नव्हता, आजही घेतला नाही. तिनं आतल्या पोत्यांकडं बघितलं.

"जयमाला म्हणत हुती, एका घरची पायली चालली असती. हजारात दीड का काय. तुमाला ठावं हुतं न्हवं ते?"

"हुतं."

"मग ओतायची हुती की, अण्णा," कलावती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर अण्णांनी तो सोसला असता. राग नव्हता. तिनं त्यांच्या वाटीत आणखी थोडं दूध घातलं आणि ते खाईपर्यंत समोर बसून राहिली.